आजोबांचा स्कॅरब आणि त्याच्या पोटावरचा शिंगाळ प्राणी

तुमचे आजोबा १९४१-४२ मध्ये फौजेबरोबर इजिप्तमध्ये होते. परतताना त्यांनी बोटाच्या पेराएवढा एक दगडी किडा, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या ताइतांसारखा स्कॅरब, आणला. आजीने तो पुढे कित्येक वर्षं देव्हाऱ्यात ठेवला, सणासुदीला त्याला हळदकुंकू वाहिलं. आता तो तुमच्याकडे आला आहे. वरून तो भुंगेरा दिसतो, पण पालथा केला की सपाट पोटावर लांब शिंगांचा, मान वळवून मागे पाहणारा एक प्राणी कोरलेला दिसतो. त्याच्यासमोर एक फांदी आहे आणि पाठीवर फणा काढलेला नाग. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा खरा आहे का, या प्राण्याचा अर्थ काय, आणि कुंकू धुऊन टाकावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे घाई झाली तर नुकसान भरून येत नाही. धुऊ नका. टूथब्रश, साबण, लिंबू, चिंचेचं पाणी, तेल, काहीही लावू नका. अशा वस्तूंवरची झिलई हजारो वर्षांत भुसभुशीत झालेली असते आणि ओल्या बोळ्याबरोबर सुटून येते. मी पंचवीस वर्षं संग्रहालयांतल्या मुद्रा आणि ताईत यांच्या नोंदी करते आहे. मातीखाली टिकलेली झिलई घरच्या सफाईत गेल्याची उदाहरणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. शिवाय ते कुंकू म्हणजे घाण नव्हे. या वस्तूच्या आयुष्याचा तो सगळ्यात अलीकडचा थर आहे, आणि तो तुमच्या आजीच्या हातचा आहे. तो राहू द्या. ठेवताना कापसात गुंडाळू नका, तंतू खाचांमध्ये अडकतात. लहान डबीत मऊ, गुळगुळीत कागदावर ठेवलेलं पुरेल.

आता प्राण्यांकडे वळू. अशा स्कॅरबवर एक नाही, दोन प्राणी असतात, आणि लोक पहिल्याला विसरतात. पहिला म्हणजे खुद्द किडा. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपल्याकडे माळरानावर शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत उलटा चालणारा शेणकिडा तुम्ही पाहिला असेल. नाईलकाठचा त्याचा भाऊबंद म्हणजे स्काराबेउस सेसर. तो गोळा लोटत नेतो आणि जमिनीत पुरतो. मादी जमिनीखाली शेणाला नासपतीसारखा आकार देऊन त्यात अंडं घालते आणि काही काळाने मातीतून नवा किडा वर येतो. पाहणाऱ्याला गोळा आत जाताना दिसायचा आणि जिवंत किडा बाहेर येताना दिसायचा, मधलं काहीच दिसायचं नाही. या किड्यांत मादीच नसते, असं ग्रीक लेखक प्लुटार्कनेही पुढे लिहून ठेवलं. प्राचीन इजिप्ती भाषेत ‘खेपर’ या क्रियापदाचा अर्थ होणे, अस्तित्वात येणे, रूप घेणे असा आहे आणि ते लिहायचं चिन्ह म्हणजे हाच किडा. सकाळच्या सूर्याचं नाव खेप्री. रोज सकाळी सूर्याचा गोळा क्षितिजावरून वर लोटणारा तो हाच. किड्याच्या डोक्यावरचा दातेरी कंगोराही उगवत्या किरणांसारखा दिसतो. लक्सरजवळ कर्नाकच्या देवळातल्या तळ्याकाठी तिसऱ्या अमेनहोतेप राजाच्या काळातला मोठा दगडी स्कॅरब आजही आहे, आणि पर्यटक त्याला प्रदक्षिणा घालतात.

म्हणजे पाठ सांगते, ‘पुन्हा उगव.’ पोटावरचं चित्र त्या वाक्यात भर घालतं. पण ते पोट कुणाला दिसायचं, याचा विचार करा. स्कॅरबला डोक्यापासून शेपटीपर्यंत आरपार भोक असतं. त्यातून दोरा किंवा सोन्याची तार ओवून तो गळ्यात, मनगटावर किंवा अंगठीत घालत. अंगठीत तो असा बसवला जाई की किडा वर आणि चित्र बोटाला टेकलेलं. ठसा उमटवायचा असेल तेव्हाच तो फिरवायचा. मधल्या राजवटीतल्या (इ.स.पू. सुमारे २००० ते १७००) अधिकाऱ्यांच्या, नाव आणि हुद्दा कोरलेल्या स्कॅरबचे ठसे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नूबियातल्या उरोनार्तीसारख्या किल्ल्यांत चिखलाच्या मोहरांवर ढिगाने मिळाले आहेत. तिथे स्कॅरब कचेरीतल्या शिक्क्याचं काम करत होता. नुसत्या प्राण्यांच्या स्कॅरबचं मुख्य काम वेगळं होतं. तो प्राणी घालणाऱ्याच्या कातडीला लागून राहायचा. आपल्या ताइताच्या आत काय लिहिलंय हे घालणाराही रोज उघडून पाहत नाही, तरी ते अंगाला लागून असणं महत्त्वाचं असतं. मी स्कॅरबला ताईत म्हणते ते याच अर्थाने. ‘सिंह म्हणजे काय’ असं विचारण्याआधी ‘सिंह अंगाला लावून या माणसाला काय हवं होतं’ असं विचारलं की बरीच चित्रं बोलू लागतात.

आणि चित्र एकट्याने बोलत नाही, शेजाऱ्यासह बोलतं. ही गोष्ट मी नव्या मुलांना सगळ्यात आधी शिकवते. सिंह राजाच्या नावाशेजारी असेल तर सिंह म्हणजेच राजा. तो पडलेल्या माणसाला तुडवत असेल तर शत्रूवरचा विजय. तोच सिंह मगरीच्या वर उभा असेल तर धोक्याला धोक्यानेच थोपवल्याचं चित्र. मगर एकटी असेल तर इजिप्तच्या फयुम भागाचा देव सोबेक डोळ्यांसमोर येतो, पण देव मगरीवर पाय देऊन उभा असेल तर तिथे मगर दबलेली वाईट शक्ती आहे. विंचवाचंही तसंच. तो डसणाराही आहे आणि सेरकेत देवीचा प्राणी म्हणून राखणदारही. विंचू अंगावर बाळगणाऱ्याला विंचवापासूनच संरक्षण हवं असायचं. हात उंचावलेला बबून, म्हणजे आफ्रिकेतलं मोठं माकड, दिसला तर तो सूर्याला नमस्कार करतो आहे. बबून पहाटे खरोखरच कलकलाट करतात, त्यावरून ही कल्पना आली. तोच बबून चंद्रकोरीखाली बसला की तो लेखन आणि मोजमापाचा देव थोथ होतो.

या सगळ्यांत माझ्या सगळ्यात आवडीचा मासा आहे. लहानशा स्कॅरबवर रुंद अंगाचा, पाठीवर लांब काटेरी पर असलेला मासा असतो, आणि कित्येकदा त्याच्या तोंडातून कमळाच्या कळ्या निघालेल्या असतात. हा नाईलचा तिलापिया. उजनीच्या धरणातून बाजारात येणारी चिलापी याच घराण्यातली. या माशाची मादी अंडी तोंडात धरून उबवते, आणि पिल्लं धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. कोळ्याच्या नजरेतून बघा: माशाने स्वतःची पिल्लं गिळली आणि थोड्या वेळाने ती जिवंत बाहेर आली. शेणकिड्याचीच गोष्ट पुन्हा, फक्त मातीऐवजी पाण्यात. कमळही रोज संध्याकाळी मिटून सकाळी उमलतं. सूर्याच्या नावेपुढे हा मासा पोहतो, अशीही समजूत होती. पाठीवर किडा, पोटावर चिलापी आणि तिच्या तोंडात कमळ, अशा एका सेंटिमीटरच्या दगडात एकच मागणं तीनदा केलेलं असतं. दगड कोरणाऱ्याने हे किती विचारपूर्वक केलं असेल, याचं मला प्रत्येक वेळी कौतुक वाटतं.

आता तुमचा शिंगाळ प्राणी. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून तो रानबोकड म्हणजे आयबेक्स आहे, गझेल आहे की ओरिक्स, हे ठरवायला शिंगं पाहावी लागतात. आयबेक्सची शिंगं मागे वळून कमानीसारखी होतात आणि त्यांवर आडव्या गाठी असतात. गझेल म्हणजे आपल्या चिंकाऱ्याची नातेवाईक, तिची शिंगं आखूड आणि हलक्या वळणाची. ओरिक्सची लांब आणि जवळजवळ सरळ. तुमच्या प्राण्याची शिंगं मागे गेलेली दिसतात, म्हणून मी आयबेक्सकडे झुकते, पण कोरणारे कारागीर प्राणिशास्त्राचे विद्यार्थी नव्हते. अनेकदा ‘शिंगांचा रानातला चरणारा प्राणी’ एवढंच निश्चित म्हणता येतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचं अंग आडव्यातिडव्या रेघांनी जाळीसारखं भरलं आहे. इथे आपण इजिप्तच्या बाहेर पडतो. मधल्या राजवटीच्या उत्तरार्धातल्या इजिप्ती स्कॅरबवर नावं, हुद्दे, वेटोळी नक्षी आणि शुभचिन्हं भरपूर असतात, पण एखादा प्राणीच मुख्य विषय झालेला क्वचित दिसतो. इ.स.पू. १७०० च्या आसपास कनान प्रदेशात, म्हणजे आजच्या इस्राएल आणि पॅलेस्टाइनच्या भागात, स्थानिक कारागीर स्वतःचे स्कॅरब मोठ्या प्रमाणात करू लागले. त्यांनी किडा इजिप्तकडून घेतला आणि पोटावर मात्र आपल्या रानातले प्राणी आणले: सिंह, मगर, शिंगाळ जनावरं, फणा काढलेले नाग. अंगात रेघांची जाळी, शेजारी फांदी, वर नाग ही या परंपरेची ओळखीची मांडणी आहे. याच काळात नाईलच्या त्रिभुज प्रदेशात अव्हारिसला, म्हणजे आजच्या तेल अल-दबाला, मूळच्या कनानी लोकांची मोठी वस्ती होती आणि तिथूनच हिक्सोस राजे राज्य करत. त्यामुळे असे स्कॅरब दोन्ही बाजूंना मिळतात. जेरिकोला पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ दरम्यान खणलेल्या थडग्यांतही या काळातले बरेच स्कॅरब निघाले.

तर मग शिंगाळ प्राणी आणि फांदी याचा अर्थ काय? इजिप्तमध्ये आयबेक्सचा संबंध नव्या वर्षाशी जोडला जातो. त्याच्या वळलेल्या, गाठीगाठींच्या शिंगाचा आकार ‘वर्ष’ लिहायच्या चिन्हाशी, खाचा पाडलेल्या ताडाच्या पात्याशी, जुळतो. कनानमध्ये फांदीला लागलेला प्राणी वाढ, दूधदुभतं आणि संतती यांच्या बाजूचा आहे. तिथे पिल्लाला पाजणाऱ्या शेळ्या-हरणींची चित्रंही आढळतात. नाग राखण करतो. तिन्ही एकत्र वाचले तर मला ‘भरभराट होवो आणि ती सांभाळली जावो’ असं काहीसं ऐकू येतं. पूर्वी काही अभ्यासक अशा प्रत्येक चित्राला एक देवता आणि एक मंत्र नेमून देत. मी तिथपर्यंत जात नाही. एवढ्या छोट्या दगडावर एक ठाम वाक्य लादलं की दगडावरचं प्रत्यक्ष चित्र दिसेनासं होतं.

थोडं घडणीविषयी, कारण खरं-खोटं ठरवताना ते लागतं. बहुतेक स्कॅरब शंखजिऱ्याच्या दगडाचे, म्हणजे स्टिएटाइटचे असतात. हा दगड इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो. कारागीर तो मऊ असतानाच कोरत, मग तांब्याच्या क्षाराची झिलई चढवून भट्टीत घालत. झिलई निळी-हिरवी होई आणि उष्णतेने आतला दगडही कठीण होई. म्हणूनच तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत हरणाचे खूर कोरलेले दिसतात. पुढे झिलई उडाली की पांढुरका किंवा तपकिरी दगड उघडा पडतो, तुमच्या स्कॅरबसारखा. इ.स.पू. सातव्या आणि सहाव्या शतकात नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या नौक्रातिसच्या कारखान्यात तर साच्यातून फेयॉन्सचे, म्हणजे वाळूच्या भुकटीच्या भाजलेल्या झिलईदार लगद्याचे, प्राण्यांचे स्कॅरब काढत आणि ते भूमध्य समुद्रभर विकले जात. पुरातत्त्वज्ञ पेट्री यांनी १८८४-८५ मध्ये ती जागा खणली तेव्हा साचेही मिळाले. आणि काही ताइतांची पाठच किड्याची नसते. मान मुरडून झोपलेलं बदक, मांजर, बेडूक, अंग आवळून काटेरी चेंडू झालेला हेजहॉग. मांजरीच्या पोटावर कधी कधी बास्तेत देवीच्या नावाने नव्या वर्षाच्या शुभेच्छा कोरलेल्या असतात. या गटाकडे संग्राहक फारसं पाहत नाहीत, पण ते मन लावून पाहण्यासारखे आहेत.

प्राण्यांचं चित्र नसूनही प्राण्यांचेच म्हणता येतील असे स्कॅरबही आहेत, तिसऱ्या अमेनहोतेपचे. हे तळहाताएवढे मोठे, पोटावर ओळींमागून ओळी मजकूर. एका प्रकारावर राजाने पहिल्या ते दहाव्या राजवर्षात स्वतःच्या बाणांनी १०२ सिंह मारल्याची नोंद आहे. दुसऱ्यावर दुसऱ्या वर्षी झालेल्या रानबैलांच्या शिकारीची हकिकत आहे. हे ताईत नव्हेत, राजाने जागोजागी धाडलेलं पत्रक म्हणा. पण ते लिहायला पुन्हा किड्याचंच रूप निवडलं.

आता खरं की खोटं. तुमच्या आजोबांच्या काळात कैरो आणि लक्सरच्या बाजारात दोन्ही सर्रास मिळत. परवानाधारक दुकानं होती, खुद्द कैरोच्या संग्रहालयातही विक्रीची खोली होती. इजिप्तमध्ये असा व्यापार पूर्ण बंद झाला तो १९८३ च्या कायद्याने. आणि लक्सरच्या पश्चिम काठावर नवे स्कॅरब कोरून जुने म्हणून विकणारे निष्णात हातही होते. टर्कीला गिळायला लावून स्कॅरब जुनाट दिसेलसा करायची त्यांची युक्ती, अशी कहाणी जुन्या आठवणींत येते.

लोक सांगतात, ‘चिन्हं वाचता येत नसतील तर नकली.’ हे मान्य करू नका. कनानी कारागीर इजिप्ती चिन्हं नक्षी म्हणून वापरत. आइन, न आणि र या तीन चिन्हांच्या अर्थहीन ओळी कोरलेले शेकडो अस्सल स्कॅरब उत्खननातून मिळाले आहेत. उलट, नीट वाचता येणारं नावही फसवतं. मी उमेदीच्या काळात एका पेटीतल्या घोड्याच्या चित्राच्या स्कॅरबवर ‘मेनखेपररे’ वाचलं आणि नोंदीत तिसऱ्या थुतमोसचा काळ लिहून मोकळी झाले. ते त्या राजाचंच राज्यनाव आहे, आणि त्यात खेपरचा किडाही आहे. पण हे नाव इतकं शुभ मानलं गेलं की तो गेल्यानंतर अनेक शतकं स्कॅरबवर कोरलं जात राहिलं. पाठीची घडण पाहिल्यावर माझ्या वरिष्ठांनी तारीख खोडून कित्येक शतकं पुढची लिहिली. तेव्हापासून मी पोट वाचायच्या आधी पाठ आणि बाजू पाहते.

तुमच्या बाबतीत मला आवडलेल्या गोष्टी म्हणजे भोकाच्या कडा गुळगुळीत झिजलेल्या दिसतात, बराच काळ दोरा घासल्यासारख्या. अंगावरची जाळी एकसारखी यांत्रिक नाही, रेघा सुटतात आणि पुन्हा धरतात. खाचांच्या तळाशी उरलेला हिरवट ठिपका झिलईचा असावा. पाठ साधी आहे, पंखांच्या खांद्यांवर नव्या राजवटीपासून (इ.स.पू. सुमारे १५५० पासून) सर्रास दिसणारे छोटे त्रिकोण नाहीत. हे सगळं एका बाजूला झुकतं: इ.स.पू. १६५० ते १५५० च्या दरम्यानचा, कनानी किंवा त्रिभुज प्रदेशातला, अस्सल. पण हे फोटोवरचं मत आहे. हातात घेऊन, भिंगाखाली पाहिल्याशिवाय कुणी लेखी प्रमाणपत्र देत असेल तर घेऊ नका.

खात्री वाढवायला दोन गोष्टी पाठवा. पहिली, चार फोटो: पोट, पाठ, एक बाजू आणि डोक्याकडचं भोक, शेजारी पट्टी ठेवून. पोटाचा फोटो घेताना खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च टेबलाच्या पातळीवर एका बाजूने धरा. तिरप्या उजेडात खाचांच्या सावल्या पडतात आणि शिंगाच्या गाठी मोजता येतात. मेणात किंवा पिठात ठसा घेऊ नका, पूर्वी घेत, पण त्यात झिलई निघून येते. नखाने कठीणपणाही पाहू नका.

दुसरी गोष्ट मला फोटोंहून जास्त हवी आहे. १९४१ मध्ये भारतीय तुकड्या इजिप्तहून पॅलेस्टाइनमार्गे सीरियाच्या लढाईत गेल्या होत्या. मराठा पलटणी एरिट्रियातल्या केरनला आणि लिबियातल्या तोब्रुकला लढल्या. आजोबांची पलटण कोणती होती, ते कुठे कुठे फिरले, स्कॅरब कैरोच्या बाजारात घेतला की गाझा-जेरुसलेमकडे कुणी दिला, हे घरात कुणाला आठवतं का? पत्रं, सैन्याचं सेवापुस्तक, फोटोमागे लिहिलेली एखादी ओळ, काहीही चालेल. स्कॅरब जमिनीतून कुठे निघाला हे दगड स्वतः सांगत नाही. तुमच्या आत्याबाई हयात आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. आजोबा त्याच्याविषयी काय बोलायचे ते त्यांना विचारा, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्या आणि तो कागद त्याच डबीत ठेवा.